ठासणीची बंदूक आणि योग्य ती कार्यवाही

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं खूप हसत होतात. धाकटीने शाळेत सांगितलं होतं म्हणे, "माझे आजोबा ऑस्ट्रेलियात बंदूक बनवणार होते, पण पोलीस आले आणि घेऊन गेले." सगळा वर्ग खूश. तुमचे आजोबाही हसले. मी मात्र पाणी प्यायला उठले. तहान लागली नव्हती.

नंतर थोरला म्हणाला, "आजी, माझा इंग्रजीतला अर्ज तूच लिहून दे ना. तुझ्या पत्रात एकही चूक नसते."

या दोन वाक्यांमुळे मी आज लिहायला बसले आहे. पोलीस आपोआप आले नव्हते. ते माझ्या पत्रामुळे आले. आणि थोरल्या, तुझं म्हणणं खरं आहे, त्या पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

तुम्ही नाशिकहून इथे अजून आलेला नाहीत, म्हणून आधी घर सांगते. तुमच्या मामाचं घर गुंगालिनमध्ये, कॅनबेराच्या उत्तर टोकाला आहे. घरं एकसारखी, प्रत्येकापुढे रुमालाएवढं गवत. मे महिना आला, म्हणजे इथली थंडी सुरू झाली, की सकाळी ते गवत पांढरं होतं आणि गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो. आमच्या उजव्या हाताला एक शेजारी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर सुतारकाम केलेले, आता एकटेच. इथे दर गुरुवारी कचऱ्याची गाडी येते. त्यासाठी चाकांचे मोठे डबे रस्त्याच्या कडेला लावायचे आणि गाडी गेली की आत आणायचे. त्यांना इथे बिन म्हणतात. सगळे कामावर गेलेले असायचे, म्हणून हे शेजारी गल्लीतल्या सगळ्यांच्या बिन एकेक करून आत ढकलून ठेवायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा मी आभार मानले तर म्हणाले, "नो वरीज. तेवढंच चालणं होतं."

तुमचे आजोबा बत्तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, हे तुम्हाला माहीत आहे. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना बोटाला कळतो. इथे आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी मामाच्या घरातली प्रत्येक बिजागरी, प्रत्येक नळ, प्रत्येक खुर्ची दुरुस्त केली. मग घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. ते सोफ्यावर बसू लागले. हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसतात तसे. मला ते दिसत होतं. मी त्यांना शब्दकोड्याचं पुस्तक आणून दिलं.

शेजाऱ्यांनी त्यांना एकदा कुंपणाच्या फाटकाची खीळ कानशीने घासताना पाहिलं. दोन मिनिटं नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "गुड हँड्स, मेट." त्या दिवशी आजोबा जेवताना तीनदा हे वाक्य बोलले.

शेजारी एका नेमबाजीच्या क्लबात जायचे. गावाबाहेर माळावर त्यांचं मैदान आहे. एका शनिवारी ते आजोबांना घेऊन गेले. आजोबांनी कॉलेजात एनसीसीत असताना बंदूक चालवली होती, त्यानंतर आत्ताच. संध्याकाळी कागदाचं लक्ष्य हातात धरून घरी आले. पाच भोकं, आणि त्यांवर एक रुपयाचं नाणं ठेवलं तर पाचही झाकली जातील अशी. तो कागद त्यांनी फ्रिजवर लावला. हळदीकुंकवाला बायका येणार होत्या तेव्हा मी काढला. बायका गेल्यावर त्यांनी परत लावला.

मग त्यांनी सुरक्षेचा वर्ग केला, परवाना मिळवला. सगळे फॉर्म मीच भरले. इथे बंदुकीच्या बाबतीत कायदा फार कडक आहे आणि तो तसाच असावा असं माझं मत होतं, आजही आहे. आता प्रश्न स्वतःच्या बंदुकीचा होता. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, साधी, वापरलेली, तयार रायफल घ्या, अर्ज करा, झालं. शेजारी म्हणाले, "घाई करू नकोस. आधी माझ्याकडे येऊन एक गोष्ट बघ."

त्यांच्या गॅरेजमध्ये फळीवर एक लांबट पुठ्ठ्याचं खोकं होतं. वरची चिकटपट्टी पिवळी पडलेली. आत बंदुकीचे सुटे भाग होते. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली लोखंडी नळी, घोडा आणि चाप, पितळेच्या पट्ट्या, जॅमच्या बाटलीत स्क्रू. आणि खांद्याला टेकवायचा दस्ता, अक्रोडाच्या लाकडाचा, नुसता ढोबळ कापलेला. कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून बांधायला म्हणून हा किट घेतला होता. भाऊ गेला. आता यांचे हात थरथरतात.

आजोबांनी आत डोकावलं आणि मराठीत ओरडले, "अगं, ही तर ठासणीची!"

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासतात ती. आजोबांच्या कोकणातल्या गावी त्यांच्या काकांकडे तशी एक होती, भातात डुक्कर शिरलं की बार काढायला. घरातल्या पोरांना तिला हात लावायची बंदी होती. सत्तर वर्षांनी तीच कॅनबेराच्या एका गॅरेजमध्ये, तुकड्यांत, आणि कुणीतरी म्हणतंय की घे, तू जोड.

दोघांचं ठरलं ते असं. लाकडाचं काम आजोबांनी करायचं. नळी आणि बाकीचं लोखंडी काम इथून तासाभरावर असलेल्या परवानाधारक बंदूक-कारागिराकडे. जूनमधला लाँग वीकेंड झाला की शेजारी त्या कारागिराला फोन करणार होते आणि कागदपत्रं काय लागतात ते विचारणार होते. तोपर्यंत खोकं होतं तिथेच राहणार. हे सगळं आजोबांनी मला सांगितलं होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मी ते विसरल्यासारखं केलं.

मला ती बंदूक नको होती. कुठलीच नको होती, पण घ्यायचीच तर कंपनीची, नंबर असलेली, पावती असलेली हवी होती. खोक्यातून निघालेली वस्तू माझ्या डोक्यात कुठल्या फाइलला जात नव्हती.

"सेक्रेटरी सांगतात तशी तयार घ्या ना," मी म्हणाले.

"तयार घेऊन काय करू? नेम धरू आणि परत कपाटात ठेवू?"

"मग बंदुकीचं दुसरं काय करतात लोक?"

"तुला नाही कळायचं. तू जन्मभर कागद केलेस."

"त्याच कागदांवर तुमचा व्हिसा झाला."

तुमचा मामा लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बाबा, जस्ट बाय वन. नो ड्रामा. आणि आई, तू यात पडू नकोस."

मी यात पडले. एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'बांधणे', उजवीकडे 'विकत घेणे'. उजवीकडे नऊ मुद्दे लिहिले, क्रमांक घालून. डावीकडे प्रामाणिकपणे दोन. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, वाचा आणि ठरवा. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, डाव्या बाजूला तिसरा मुद्दा लिहिला आणि आंघोळीला गेले.

त्यांनी लिहिलं होतं, 'मला येतं.'

हा मुद्दा होत नाही, असं मला वाटलं. मी तो खोडरबराने खोडला.

आता पत्राकडे येते. माझं शिक्षण बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. नंतर सव्वीस वर्षं मी पुण्यातल्या एका कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात काम केलं. साहेब सही करायचे, पत्र मी लिहायची. त्या इंग्रजीचा मला किती अभिमान होता ते तुम्हाला कळणार नाही, कारण आता सगळ्यांनाच इंग्रजी येतं. आमच्या पत्रांची सुरुवात ठरलेली होती: 'आय विश टू ब्रिंग टू युवर काइंड नोटिस.' आणि शेवट ठरलेला होता: 'काइंडली डू द नीडफुल.' मराठी पत्रात आपण लिहितो ना, 'योग्य ती कार्यवाही व्हावी', तेच. त्याचा अर्थ एवढाच, की कागद पुढे सरकवा, उत्तर द्या. यात धमकी नसते, तक्रार नसते. निदान आमच्याकडे नसते.

माझ्या मनात होतं, सरकारी कार्यालयातून एक लेखी खुलासा मागवावा, की असं खोक्यातलं सामान घेऊन बंदूक बांधता येते का. उत्तर नाही असं येईल याची मला खात्री होती. ते छापून त्यांच्यापुढे ठेवायचं. दहावा मुद्दा.

दुपारी सगळे बाहेर असताना मी बंदुकांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाला ईमेल लिहिला. विषय: शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये पडून असलेली, न जोडलेली एक रायफल. पहिल्या परिच्छेदात शेजाऱ्यांचं पूर्ण नाव, घराचा नंबर, रस्ता. दुसऱ्यात खोक्यात काय काय आहे त्याचं वर्णन. तिसऱ्यात, की हे सामान फार जुनं असून त्याची नोंद झालेली असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. चौथ्यात माझा प्रश्न, एका ओळीत. आणि शेवटी, 'काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.'

दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम बदलला. पाठवलं.

आठव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास शेजाऱ्यांच्या दारात गाडी उभी राहिली. एक पोलीस बाई आणि एक तरुण पोलीस. आजोबा मिरचीच्या कुंड्या उन्हात सरकवत होते, ते तसेच थांबले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. आवाज चढला नाही, काही नाही. बाई शेजाऱ्यांशी अगदी अदबीने बोलत होती. तरुण पोलिसाने ते लांबट खोकं बाहेर आणलं. नंतर तो परत आत गेला आणि शेजाऱ्यांच्या तिजोरीतल्या दोन रायफलीही घेऊन आला. त्या नोंदलेल्या होत्या, पण चौकशी पुरी होईपर्यंत त्या जमा आणि परवाना स्थगित. शेजारी घरातल्या सपाता घालूनच बाहेर उभे होते, पांढऱ्या गवतावर. हात खिशात घातले होते. थरथर दिसू नये म्हणून असावेत.

मला अजूनही समजलं नव्हतं, असं लिहायला आवडलं असतं. पण मला खोकं बघताक्षणीच समजलं.

त्याच दुपारी मला उत्तर आलं. दोन ओळी. तुमच्या रिपोर्टबद्दल आभार. रिपोर्ट. मी चौकशी केली होती, त्यांनी रिपोर्ट वाचला. मी ते उत्तर छापलं, भोकं पाडली, आणि 'पत्रव्यवहार – बंदूक' असं लेबल लावलेल्या फाइलमध्ये घातलं. माझा हात सवयीने चालला, आणि फाइल कपाटात गेली.

संध्याकाळी शेजारी कुंपणाशी आले. "कुणीतरी मला डॉब केलं, मेट," ते आजोबांना म्हणाले.

डॉब करणं म्हणजे चहाडी करणं. हा शब्द इथे शाळेतली पोरं वापरतात, आणि सत्तरीतली माणसंही वापरतात, तितक्याच तिरस्काराने. या लोकांना उशीर चालतो, शिव्या चालतात, पण डॉब करणारा चालत नाही.

जेवताना आजोबा तेच तेच बोलत होते. "चहाडखोर साले. माणूस शेजारी राहतो, दार वाजवून विचारायला काय झालं होतं? आम्ही फोन करणारच होतो त्या कारागिराला."

मी भात वाढत होते.

"ते समोरचे असतील," ते म्हणाले. "नवीन आलेत ते. तो परवा गॅरेजमध्ये वाकून बघत होता."

समोरच्या घरात एक तरुण तेलुगू जोडपं राहायला आलं होतं. नवरा शिफ्टला जायचा. बायकोला सातवा महिना होता.

मी म्हणाले, "असेल."

एकच शब्द. त्यात होकारही नव्हता, नकारही नव्हता. सव्वीस वर्षं मी साहेबांसाठी अशी वाक्यं लिहीत आले होते, ज्यांत कुणीच कशाला बांधलेलं नसतं. आजोबांनी दुसऱ्या दिवशी तो संशय कुंपणापलीकडे सांगितला. मला ते ऐकू आलं. मी कपडे वाळत घालत होते, आणि घालत राहिले.

पुढच्या गुरुवारी शेजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे गल्लीतल्या बिन आत आणल्या. समोरची एक तेवढी बाहेर राहिली. मला वाटलं, नजरेतून सुटली असेल. त्याच्या पुढच्या गुरुवारीही राहिली. तिसऱ्या गुरुवारी सकाळी बर्फ पडल्यासारखं दव गोठलं होतं. ती मुलगी एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हाताने बिन ओढत आत नेत होती. शेजारी त्यांच्या गाडीपाशी होते. तिने हात हलवला. त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्यात डोकं घातलं.

ती माझ्याकडे वळली. मी आमच्या फाटकात होते.

"आंटी, अंकलजी हमसे नाराज हैं क्या?" तिने हिंदीत विचारलं. "हमने कुछ किया?"

"नहीं बेटा," मी म्हणाले. "उनकी तबियत ठीक नहीं रहती."

त्या कार्यालयासारखी तीही मला थँक यू म्हणाली.

घरात येऊन मी चहा टाकला आणि गॅस न पेटवताच पाच मिनिटं पातेल्याकडे बघत राहिले. मी सोफ्यावरच्या माणसाला शब्दकोडं दिलं होतं, त्याच्या मुद्द्यावर खोडरबर फिरवलं होतं, त्याच्या मित्राला पोलिसांकडे दिलं होतं, आणि आता पोटुशी पोर माझ्या वाटणीची बिन ओढत होती. हे सगळं एका ओळीत आलं तेव्हा मी कपाट उघडलं आणि फाइल काढली.

आजोबा सोफ्यावर होते. मी फाइल त्यांच्या मांडीवर ठेवली. "अहो, हे वाचा."

त्यांनी चष्मा लावला. पत्र एकदा वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. मग त्या कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर.

"इंग्रजी चांगलं आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"घराचा नंबर कशाला लिहिलास?"

"पत्र पूर्ण असावं म्हणून."

"आम्ही लाँग वीकेंडनंतर फोन करणार होतो, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"तरी?"

मग मी ते सांगितलं जे महिनाभर स्वतःला सांगत होते. की 'नीडफुल' म्हणजे आपल्याकडे कार्यवाही, इथे त्यांना ती कारवाई वाटली. शब्दाचा घोळ झाला. माझ्या मनात कार्यवाही होती, त्यांनी कारवाई केली.

आजोबांनी चष्मा काढला. "त्यांनी जे वाचलं ते केलं. त्यात घोळ नाही. तुझ्या मनात काय होतं ते तू बघ."

मी बघितलं. ते खोकं तिथे नसावं, असं माझ्या मनात होतं. उत्तर मिळावं हे चौथ्या परिच्छेदात होतं, आणि खोकं जावं हे पहिल्या तिन्हींत. माझ्याकडे नऊ मुद्दे होते तरी मला त्यांच्या दोन शब्दांची भीती वाटली होती. ती बंदूक त्यांनी सुंदर बांधली असती. मग मी बरोबर ठरले नसते.

हे मी त्यांना मोठ्याने सांगितलं का? हो. पण एवढ्या सलग वाक्यांत नाही. रडत, तुटक, व्याकरण सोडून.

फाइलमध्ये शेवटी तो दोन रकान्यांचा कागदही होता. मी काहीच टाकत नाही ना. आजोबांनी तो काढला, उजेडात धरला. खोडलेल्या जागी पेन्सिलीचा दाब उमटलेला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि कागद परत जागेवर घातला.

"चल, मी येतो बरोबर," ते म्हणाले.

"नको."

मी बेसनाच्या लाडवांचा डबा हातात घेतला. फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन तो ओट्यावर ठेवला. लाडू दिले की माणसाला 'असू दे' म्हणावंच लागतं.

शेजाऱ्यांनी दार उघडलं. माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं, 'आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू' असं सुरू होणारं. तोंडातून आलं ते असं: "इट वॉज मी. आय डॉब्ड. नॉट देम." आणि मी समोरच्या घराकडे बोट केलं, लहान मुलासारखं.

त्यांनी तिकडे बघितलं. मग म्हणाले, "का?"

"त्यांनी विकतची घ्यावी म्हणून."

त्यांच्या नाकातून श्वासासारखा आवाज आला. हसू होतं का काय, सांगता येत नाही. "हे मला पोलिसांना सांगायला आवडलं असतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "इथपर्यंत दहा पावलं आहेत. नुसतं यायचं होतं."

"हो," मी म्हणाले. "आय ॲम सॉरी."

"राइट," ते म्हणाले.

त्यांनी दार हळूच लावलं. या देशात धक्का लागला, उशीर झाला, दूध सांडलं, काहीही झालं तरी समोरचा 'नो वरीज' म्हणतो. आल्यापासून मी ते दिवसातून दहा वेळा ऐकत होते आणि मनातल्या मनात हसत होते, की काय ही भाषा. त्या दिवशी ते कुणी म्हटलं नाही.

तिथून मी समोर गेले आणि त्या मुलीलाही सांगितलं. तिला अर्धं कळलं. "तो अंकलजी नाराज नहीं हैं?" एवढंच तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, नाहीत, तुझ्यावर नाहीत.

घरी येऊन मी आणखी एक पत्र लिहिलं, त्याच कार्यालयाला. चार ओळींचं. शेजाऱ्यांचा हेतू पहिल्यापासून रीतसर करण्याचा होता, ते परवानाधारक कारागिराला विचारणार होते, आणि हे मला आधीचं पत्र लिहिताना ठाऊक होतं. ठरलेली सुरुवात नाही, ठरलेला शेवट नाही. त्याचा काही उपयोग झाला की नाही कळलं नाही. काही महिन्यांनी शेजाऱ्यांच्या दोन्ही रायफली परत आल्या, ताकीद देऊन. खोक्यातली नळी आणि बाकीचं लोखंड त्यांनी स्वतःच सोडून दिलं. ती कागदपत्रं करण्याची आता ताकद नाही, म्हणाले. लाकूड मात्र परत मिळालं.

आजोबांनी बंदूक बांधली नाही आणि विकतही घेतली नाही. अर्ज भरू का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "राहू दे. नुसतं लाकूडच घासतो." शनिवारी ते शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये जातात. दोघं त्या अक्रोडाच्या दस्त्याला पॉलिश पेपर मारतात, तेल चोळतात. त्याला कधीच नळी लागणार नाही. आजोबा म्हणतात, हात लावला तर साबणासारखा लागतो. मी पाहिलेला नाही. मला अजून तिथे कुणी बोलावलेलं नाही.

थोरल्या, तुझा अर्ज मी लिहून देईन. पण आधी फोनवर सांग, तुला नक्की काय हवं आहे, आणि ते ज्यांच्याकडे हवं आहे त्यांना तू तोंडाने विचारलं आहेस का. आणि धाकटे, वर्गात ती गोष्ट परत सांगशील तेव्हा पोलिसांनी नेली असं सांगू नकोस. आजीने नेली असं सांग. हसतील ते हसू देत.

मी कबूल केलं त्याच्या पुढच्या गुरुवारी कचऱ्याची गाडी गेल्यावर मी खिडकीत उभी राहिले. शेजारी टोपी घालून बाहेर आले. सरळ रस्ता ओलांडून समोर गेले आणि त्या जोडप्याची बिन आधी आत नेली, अगदी त्यांच्या गॅरेजच्या दारापर्यंत. मुलगी बाहेर आली. दोघं काहीतरी बोलले. मग ते गल्लीतून एकेक बिन ढकलत आले, आणि आमच्या घरावरून पुढे गेले.

आजोबा चपला घालू लागले. मी म्हटलं, "अहो, राहू द्या. ती माझी आहे."

अजूनही गुरुवारी मीच ती आत आणते. रिकामी असली तरी चढावर जड जाते.